शाखा बदलायची? मग दंड भरा

दिल्ली विद्यापीठानं 2013 साली चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम वाजतगाजत आणला आणि 2014 साली गुंडाळला. एवढ्या मोठ्या विद्यापीठाला वर्षभरात उपरती झाली, पण त्याला कुणी नापास म्हटलं नाही, गॅप सर्टिफिकेट मागितलं नाही की राहिलेल्या तीन वर्षांची फी भरायला लावली नाही. आमच्या पुणे विद्यापीठानं इंजिनिअरिंगला 2008चा पॅटर्न दिला, मग 2012चा, मग 2015चा, 2019चा, आणि आता 2024चा. आमच्या भोरकडच्या भाटघरला तर धरणाचाच बेत बदलला होता. इंग्रजांनी येळवंडी नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हाइटिंगच्या नावानं धरण बांधलं. नीरेच्या कालव्यांना ते पुरेना, म्हणून 1927-28 मध्ये त्याच खोऱ्यात लॉइडच्या नावानं कितीतरी मोठं दुसरं उभं केलं आणि पहिलं पाण्याखाली घातलं. पुढं त्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव दिलं. शेजारच्या वेल्हे तालुक्याचं राजगड झालं. ज्याला ज्याला बदलावंसं वाटलं त्यानं बदललं, आणि कुणाच्या बापाचं काही गेलं नाही.

फक्त अठरा वर्षांच्या पोरीनं ‘मला कॉम्प्युटर नको, सिव्हिल हवंय’ एवढं म्हटलं की कॉलेजच्या क्लार्कपासून भावकीतल्या तात्यांपर्यंत सगळे कमरेवर हात ठेवून उभे राहतात. ती पोरगी मी होते, म्हणून हे सांगते.

आमचं गाव भाटघरच्या बॅकवॉटरला. ऑगस्टात धरण भरलं की पाणी ठरावीक पातळीला येतं आणि स्वयंचलित दरवाजे कुणी हात न लावता उघडतात. ते बघायला भोर-पुण्याची माणसं गाड्या काढून येतात, कणसं खातात, फोटो काढतात आणि जातात. मी लहानपणी तिथं उभी राहून एकच विचारायची, की माणूस नसताना दरवाजा उघडतो कसा. घरात कुणाला सांगता यायचं नाही. असल्या मुलीला पुढं सिव्हिल घ्यावंसं वाटलं तर त्यात नवल ते काय? पण बारावीनंतर नवल वाटलं ते सगळ्यांना. मुलगी सिव्हिलला? उन्हात साइटवर उभी राहणार? गवंड्यांवर ओरडणार? कॉम्प्युटर कसं, एसीत बसायचं काम. हा सल्ला देणाऱ्यांपैकी एकाच्याही घरी एसी नव्हता.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. ऑप्शन फॉर्म नावाची एक यादी भरायची असते. कुठलं कॉलेज, कुठली शाखा, कुठल्या क्रमानं. आमच्या भागात ही यादी तालुक्याचा नेटकॅफेवाला भरतो. बाहेर पाऊस, आत वीस पोरं, लाइट जायच्या आत फॉर्म सबमिट करायचा. तो विचारतो, “कॉम्प्युटर टाकू ना वर?” आणि बाप म्हणतो, “टाका, तुम्हाला माहिती.” पोरगी मागं उभी असते. पुढच्या चाळीस वर्षांचं आयुष्य कुठल्या दिशेला जाणार हे असं ठरतं, आणि पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम लागला की ती जागा आपोआप गोठते. फ्रीझ हा सरकारी शब्द आहे, माझा नाही. नेटकॅफेवाला माणूस चांगला असतो, पन्नास रुपयांत आणखी काय करणार तो बिचारा. माझा राग त्याच्यावर नाही. ज्यांनी त्या पन्नास रुपयांच्या निर्णयाला चार वर्षांची जन्मठेप जोडली त्यांच्यावर आहे.

इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच असतं. तेच गणित, तेच ग्राफिक्स, तेच मेकॅनिक्स, तेच बेसिक इलेक्ट्रिकल. म्हणजे पहिल्या वर्षाअखेर कॉम्प्युटरचा मुलगा सिव्हिलला बसवला तर शिक्षणाच्या दृष्टीनं कुणाचं कवडीचंही नुकसान नाही. मग तसं का होत नाही? होतं की. नियम आहे. पहिलं वर्ष सगळं सुटलेलं असावं, हव्या त्या शाखेत जागा रिकामी असावी, आणि मग गुणांच्या क्रमानं शाखा बदलून मिळते. थोडक्यात, ज्याला नावडत्या शाखेतही उत्तम गुण पडतात त्याला बदल मिळतो. ज्याचं मन लागत नाही, म्हणून गुण पडत नाहीत, म्हणून बदल हवा आहे, त्याला गुण नाहीत म्हणून बदल नाही. हा नियम करणाऱ्या माणसाला मी एकदा बघू इच्छिते. हात जोडायला.

मला तर गुण असून उपयोग नव्हता, कारण माझी जागा टीएफडब्ल्यूएसची होती. ट्यूशन फी वेव्हर स्कीम. घरचं उत्पन्न कमी, गुण बरे, तर शिक्षण शुल्क माफ. योजना चांगली आहे, तिच्यामुळं आमच्यासारख्या घरातली पोरं कॉलेजचं तोंड बघतात. पण तिच्यात एक ओळ आहे, की या जागेवर आलेल्याला कुठल्याही परिस्थितीत संस्था किंवा अभ्यासक्रम बदलता येणार नाही. कुठल्याही परिस्थितीत! पूर्ण फी भरणाऱ्याला निदान रांगेत उभं राहता येतं. फुकट शिकणाऱ्यानं मात्र मुकाट्यानं शिकावं. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमावलीतही वर्षानुवर्षं असंच कलम राहिलेलं आहे. राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते आणि वर्ष मध्येच सोडलं तर रक्कम परत करावी लागू शकते. म्हणजे मन बदलणं ही चैन आहे आणि ती ज्याला परवडते त्यानंच करावी, असं राज्यकर्त्यांनी कागदावर लिहून ठेवलंय. एरवी सरकारी कागदात इतका प्रामाणिकपणा सापडत नाही.

मी सोडलं. पहिलं वर्ष झाल्यावर कॉलेज सोडलं आणि एका सरकारी तंत्रनिकेतनात सिव्हिलच्या डिप्लोमाला, थेट दुसऱ्या वर्षाला, नाव घातलं. बारावी सायन्स झालेल्याला ती वाट उघडी असते. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या पदवीला पुन्हा थेट दुसऱ्या वर्षाला. पायरी उतरून, बाजूला सरकून, पुन्हा चढायचं. अमेरिकेत याच कामासाठी कम्युनिटी कॉलेजं आहेत. इलिनॉयमधल्या जोलिएटला 1901 साली पहिलं सरकारी निघालं, आणि कॅलिफोर्नियानं 1960च्या आराखड्यात तर दोन वर्षं तिथं करून मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायची वाटच आखून दिली. आपल्याकडंही पुद्दुचेरी विद्यापीठानं 1995 मध्ये कम्युनिटी कॉलेज काढलं आणि यूजीसीनं 2013 मध्ये त्यासाठी योजना आणली. त्या योजनेचे फलक मी काही कॉलेजांच्या दारात पाहिलेत. फलक चांगले रंगवलेले होते. आमच्या भागातल्या पोरांसाठी खरं कम्युनिटी कॉलेज म्हणजे आयटीआय, तंत्रनिकेतन आणि मुक्त विद्यापीठ. ती कामं निमूटपणे करतात आणि शिव्या खातात.

शिव्या कसल्या ते सांगते. “काय गं, सोडलं म्हणं इंजेनेरिंग?” हे गावच्या वेशीवर. “नापास झाली असंल, सांगत नसतील,” हे विहिरीवर. आत्यानं आईला बाजूला घेऊन सांगितलं, “बीईचं स्थळ म्हणून सांगितलंय मी तिकडं, आता डिप्लोमा कसं सांगू?” म्हणजे माझ्या शाखेवर माझ्याआधी त्यांनी सोयरीक जुळवायला घेतली होती. आमच्या नात्यातले एक काका पुण्याला असतात, आता सहा महिने अमेरिकेत असतात. त्यांनी माझ्या वडलांना, आबांना, फोन करून तासभर समजावलं, की मुलीचं आयुष्य वाया घालवू नका. त्यांचाच नातू पुढं कूपरटिनोच्या डी अँझा कॉलेजात गेला, हे त्याच काकांनी सत्यनारायणाच्या पूजेला आल्यावर कौतुकानं सांगितलं. तिकडं ती पद्धतच आहे म्हणे. आधी कम्युनिटी कॉलेज, खर्च कमी, विषय नीट कळतो, मग बर्कली. मी प्रसाद वाटत होते. काकांना शिरा जरा जास्त वाढला.

अमेरिकेची आरती मला करायची नाही. तिथंही कॉलेज बदललं की क्रेडिट गळतात. तिथल्या सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयानं 2017 मध्ये अहवाल दिला, त्यात कॉलेज बदलणाऱ्यांची अंदाजे 43 टक्के क्रेडिट वाया गेल्याचं म्हटलंय. पण निदान तिथं कुणीतरी मोजलं. इथं माझ्या पहिल्या वर्षाच्या गणिताचं आणि मेकॅनिक्सचं काय झालं हे विचारायला कुठली खिडकीच नव्हती. डिप्लोमाला मेकॅनिक्सची तीच मुळाक्षरं पुन्हा गिरवली. पदवीला गेल्यावर आणखी एकदा गिरवली. बलांचा समांतरभुज चौकोन माझ्याइतका या तालुक्यात कुणी काढला नसेल.

आता म्हणतील, हे सगळं जुनं झालं, नवं शैक्षणिक धोरण आलंय. आलंय, मी वाचलंय. जुलै 2020 मध्ये जाहीर झालं. एक वर्षानं बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. कधीही या, कधीही जा. 2021 मध्ये अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स काढली. तुमची क्रेडिट तिथं जमा राहणार, सात वर्षांपर्यंत चालणार. आपल्या राज्यात हे आधी स्वायत्त कॉलेजात आणि 2024-25 पासून संलग्न कॉलेजातही लागू झालं. ऐकायला झकास आहे. फक्त क्रेडिट जमा करणं सक्तीचं आणि ते स्वीकारणं दुसऱ्या कॉलेजच्या मर्जीवर. बँकेत पैसे आहेत, पासबुकावर शिक्का आहे, पण गावातला एकही दुकानदार त्या नोटा घेत नाही, असली ही बँक. शिवाय पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं तर वर आणखी चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. निघून जायचं तरी गेटवर एक तास जादा बसा!

आणि याच धोरणातल्या मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयाची, निवड म्हणाल तर भोर-वेल्ह्याच्या पोरांना विचारा. कागदावर जगातले सगळे विषय आहेत. तालुक्याच्या कॉलेजात मात्र ज्या विषयाला मास्तर आहे तोच विषय निवडता येतो, आणि मास्तर तासिका तत्त्वावर असेल तर तोही दिवाळीपर्यंत टिकेल याची खात्री नाही. भुतोंड्याकडच्या, कुरुंजीकडच्या मुलीनं मानसशास्त्र मेजर घेते म्हटलं तर तिनं पुण्याला जायचं. पुण्याला रोज जाणं म्हणजे पहाटेची एसटी, कापूरहोळला बदली, आणि रात्री परत यायला गाडी नाही. मग कात्रजला खोली. खोलीचं भाडं फीपेक्षा जास्त. हे गणित धोरण लिहिणाऱ्या समितीत कुणी मांडलं असेल असं मला वाटत नाही. भाटघरमध्ये साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं, ते कालव्यानं बारामती-फलटण-माळशिरसपर्यंत वेळच्या वेळी पोचतं. त्याच्या काठावरची मुलगी पन्नास-साठ किलोमीटरवरच्या वर्गात पोचत नाही. कालव्याला शासनानं शाखा कालवे दिले, तिला एसटीची एक जादा फेरी दिली नाही.

माझ्या विरुद्ध बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेत नाही. ते म्हणतात, प्रत्येकाला हवं तेव्हा शाखा बदलू दिली तर निम्मी पोरं दर वर्षी बदलतील, जागा वाया जातील, सरकारचा पैसा बुडेल. पैशाची काळजी रास्त आहे. पण जागा कुठल्या वाया जातात? गेल्या काही वर्षांत राज्यात सिव्हिल-मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या राहिल्या, कॉलेजांनी त्या शाखा आखडत्या घेतल्या आणि कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, म्हणजे एआयसीटीईनं, 2024 पासून चांगल्या म्हणवणाऱ्या संस्थांवरची प्रवेशसंख्येची मर्यादाही काढली. इकडं सिव्हिलचा वर्ग ओस, तिकडं कॉम्प्युटरच्या वर्गात सिव्हिल हवी असलेली मुलगी मागच्या बाकावर बसून दुसऱ्याच्या जर्नलमधला सी प्रोग्रॅम उतरवतेय. वाया जाणं ते हेच. आणि सरकारी पैशाचा हिशेबच काढायचा तर नको त्या शाखेत चार वर्षं केटी काढत बसलेल्या पोराचा काढा. तो चौथ्या वर्षानंतर शिरवळच्या कारखान्यात कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागतो, आणि तिथं त्याच्या शेजारच्या मशीनवर आयटीआय केलेला त्याचाच वर्गमित्र दोन वर्षं आधी लागलेला असतो.

तंत्रनिकेतनात पहिल्या आठवड्यात आमच्या हातात लेव्हलिंगचा स्टाफ दिला आणि मैदानात पिटाळलं. डम्पी लेव्हलमधून स्टाफ उलटा दिसायचा, चिखलात पाय जायचे, सर लांबून ओरडायचे, “सरळ धरा तो, झेंडा नाही!” काँक्रीटचे क्यूब घालून सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडायचो. स्लम्प कोन उचलला की ढीग किती बसला ते मोजायचं. वर्गात शेतकऱ्याची, गवंड्याची, एसटी ड्रायव्हरची पोरं होती, आणि दहावीनंतर डिप्लोमाला आलेल्या त्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त यायचं. डिप्लोमावाला म्हणून ज्यांना लोक नाक मुरडतात त्यांनी मला थिओडोलाइट लावायला शिकवलं. फी वर्षाला काही हजार. धरणाचे दरवाजे कसे उघडतात ते मला तिथं कळलं. तिसऱ्या वर्षाला एका सरांनी फळ्यावर काढून दाखवलं, प्रतिभार आणि पाण्याची पातळी. दहा मिनिटं लागली. तोपर्यंत मला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि एसीत बसून मला ते कधीच कळलं नसतं.

दर 15 सप्टेंबरला सगळी इंजिनिअरिंग कॉलेजं विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतात. विश्वेश्वरय्यांनी आधी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. केलं, मग पुण्याच्या सायन्स कॉलेजात येऊन इंजिनिअरिंग केलं, 1883च्या सुमारास पहिले आले, आणि पुढं खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. ते आज हार घालणाऱ्या एखाद्या कॉलेजात गेले तर? “बी.ए. केलंय? मग बारावीची पीसीएमची गुणपत्रिका? सीईटीचं स्कोअरकार्ड? टीसी, मायग्रेशन, गॅप अ‍ॅफिडेव्हिट? डोमिसाइल तर कर्नाटकचं दिसतंय. साहेब, तुम्ही सोमवारी या.”

माझं सोमवारी या तर महिनाभर चाललं. मी जे कॉलेज सोडलं त्याचं नाव घेत नाही. तिथं दाखला मागायला गेले तर आधी ‘सरांना भेटा’, मग ‘सर रजेवर’, मग ‘अकाउंट्सचा नो ड्यूज आणा’. अकाउंट्समध्ये सांगितलं, की जागा चार वर्षांसाठी अडवलीत तर चार वर्षांचे पैसे होतात. शिक्षण शुल्क माफ होतं, म्हणून राहिलेल्या वर्षांची डेव्हलपमेंट फी मागितली. माझ्या दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका त्यांच्या कपाटात होत्या. डिप्लोमाच्या प्रवेशाची मुदत संपत आलेली. आबा कधी कुणाशी वर आवाजात बोललेले मी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही ते बोलले नाहीत. फक्त टोपी काढून हातात घेतली. मुलीला शाखा बदलायची आहे म्हणून बापानं कारकुनापुढं टोपी काढायची, हे मी विसरणार नाही आणि विसरावं असं मला वाटतही नाही.

प्रवेश रद्द करणाऱ्या विद्यार्थ्याकडून पुढच्या वर्षांची फी मागता येत नाही आणि मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत, असं एआयसीटीईचा नियम स्पष्ट सांगतो. हा नियम कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत कुठं होता? वसतिगृहात कुकर चालणार नाही, हे ठळक अक्षरात होतं.

सरकारला खरंच ‘कधीही या, कधीही जा’ म्हणायचं असेल तर मोठ्या समित्या नकोत. टीएफडब्ल्यूएसची सवलत जागेला न बांधता मुलाला बांधा, तो जाईल तिथं ती जाऊ दे. शिष्यवृत्तीच्या नियमातलं ते कलम फाडा आणि निदान एकदा विषय बदलायची मुभा गरिबालाही द्या. पहिल्या वर्षाला जे विषय सगळ्यांना सारखे असतात ते एकदा सुटले की सुटले, मग मुलगा पदवीला जावो की डिप्लोमाला. आणि दाखला मागितल्यापासून तीन दिवसांत दिला नाही तर रोजचा दंड कॉलेजला लावा, पोरांकडून ते लायब्ररीच्या पुस्तकाला लावतात तसाच. यातल्या एकाही गोष्टीला इमारत बांधावी लागत नाही. म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

दर वर्षी जुलै-ऑगस्टात आमच्या पट्ट्यातलं कुणीतरी घरी येतं. यंदा एक बाप आणि मुलगी आली होती. आयटीला लागलीय, टीएफडब्ल्यूएसची जागा, मुलीला शेतीचा डिप्लोमा करायचाय. बाप म्हणाला, “ताई, तुम्ही समजावा हिला.” मी बापालाच समजावलं. मग मुलीला सांगितलं, अर्ज दोन प्रतींत कर, तारीख घाल, कारण म्हणून ‘घरगुती अडचण’ लिहू नकोस, सरळ ‘शाखा बदलायची आहे’ असं लिही. एका प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घे. तोंडी कुणी पैसे मागितले तर म्हण, लेखी द्या. एआयसीटीईच्या नियमाची प्रिंट सोबत ने, मराठीत समजावून सांगायची तयारी ठेव, कारण समोरच्यानं तो वाचलेला नसतो. आणि साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर घरी येऊ नकोस, दारातल्या बाकावर बस. चारपर्यंत येतात ते.